पाडसाच्या आवाजाची पिपाणी

माझ्यात एकच आवाज आहे, मित्रांनो, आणि तोही माझा स्वतःचा नाही. तो हरणाच्या हरवलेल्या पाडसाचा आहे. मी करंगळीएवढ्या बांबूची एक जुनी पिपाणी. मला फुंकले की पाडसाने आईला हाक मारावी तसा आवाज निघतो, आणि रानातली हरणी तो ऐकून जवळ येते. ती जवळ यावी आणि तिला मारता यावे, एवढ्याचसाठी मला घडवले गेले. माझी गोष्ट चांगली नाही. तरीही ती तुम्ही ऐकावी असे मला वाटते.

चिखलीहून बुलढाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, घाटातल्या रानाला लागून एक गाव आहे. तिथल्या निवृत्ती नावाच्या शेतकऱ्याने मला बनवले. तेव्हा तो पंचविशीचा होता. नाल्याकाठच्या बांबूच्या बेटातून त्याने एक सरळ कांडे निवडून आणले आणि महिनाभर चुलीवर धुरात टांगून वाळवले. मग ते मधोमध उभे चिरले, दोन फाकांच्या मध्ये बकरीच्या आतड्याचा पातळ पापुद्रा ताणून बसवला, कडा मेणाने बुजवल्या आणि सुती दोऱ्याने मला आवळून टाकले. हे सारे त्याला त्याच्या मामाने शिकवले होते. मामा घाटात राहायचा आणि म्हातारपणी त्याला फक्त एवढी एकच विद्या कोणाला तरी द्यायची होती.

घडवणे सोपे होते, वाजवणे अवघड. पहिले कितीतरी दिवस माझ्यातून बदकासारखा आवाज निघायचा. मामा झाडाला टेकून डोळे मिटून बसे आणि नुसती मान हलवी. "गालातून नको फुंकू, पोटातून फुंक," तो म्हणे. "आन एकदा वाजवलं का थांब. लेकरू एका दमात रडत नाई. रडते, आन आई आली का म्हनून कान देते. तू बी कान दे." तीन महिन्यांनी एका सकाळी निवृत्तीने मला वाजवले, आणि दावणीला बांधलेली शेळी चरता चरता वळून पाहू लागली. मामाने तेव्हा डोळे उघडले. दुसऱ्या आठवड्यात पळसाच्या झुडपातून पहिली हरणी आली. मान उंच करून, कान पुढे करून, एकेक पाऊल टाकत ती थेट आमच्यासमोर येऊन उभी राहिली.

हरीण मारणे गुन्हा आहे हे तेव्हाही सर्वांना ठाऊक होते. पण शेत रानाच्या काठाला, हरभरा उगवला की रोही, म्हणजे नीलगाई, आणि हरणे तो खाऊन जात, आणि गावात कोणी कोणाला विचारत नसे. उलट निवृत्तीचे नाव झाले. पारावर बसलेली माणसे त्याला म्हणत, वाजव ना जरा. तो वाजवी, आणि लोक हसत, मान डोलवत. मलाही तेव्हा बरे वाटे. आपले कौतुक कशासाठी होते आहे याचा विचार मी करत नव्हते.

चार वर्षे असे चालले. मग एका माघ महिन्यात निवृत्तीने मारलेली हरणी अंगणात आणून टाकली. त्याची बायको पुष्पाबाई तेव्हा बाळंतपणातून नुकतीच उठली होती. गोपाल तीन महिन्यांचा होता, तिच्या मांडीवर पीत होता. तिने पाहिले, हरणीच्या आचळांतून दूध गळत होते आणि शेणाने सारवलेल्या अंगणात त्याचा ओला डाग पसरत होता.

"इचं लेकरू कुठी असन आता?" तिने विचारले.

त्या दिवशी त्या घरात चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो मला घेऊन त्याच जागी गेला. त्याने बंदूक नेली नव्हती. त्याने मला हलकेच वाजवले आणि कान दिला. थोड्या वेळाने गवतातून एक पाडस उठून उभे राहिले. पाय काड्यांसारखे, डोळे मोठे. ते आमच्याकडे दोन पावले आले, आणि माणसाचा वास लागताच पळाले. त्याच्या पुढच्या दिवशीही ते आले, पण आता ते चालताना डुलत होते. निवृत्ती त्याच्या मागे खूप वेळ धावला. ते हाती लागले नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही उन्हे वर येईपर्यंत वाजवत राहिलो. कोणीच आले नाही.

घरी आल्यावर त्याने मला बटणांच्या पत्र्याच्या डब्यात टाकले. "हा आवाज पुना या घरात नको," पुष्पाबाई म्हणाली, आणि तो "हाव" म्हणाला. त्या डब्यात तुटकी बटणे, जुने दोरे आणि गंजक्या सुया यांच्यात मी तीस वर्षांहून जास्त काळ पडून होते. माझे मेण सुकले. मी कोणाला आठवत नव्हते, आणि मला वाटते, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला काळ होता.

मागच्या वर्षाच्या आदल्या वर्षी निवृत्तीला लकवा मारला. शेताच्या बांधावर तो बसल्या जागी कलंडला. बुलढाण्याच्या दवाखान्यात त्याला बरेच दिवस ठेवले. परत आणले तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय निर्जीव झाले होते, आणि वाचा गेली होती. डोके शाबूत होते. सारे कळत होते, पण तोंडातून शब्द निघत नव्हता. नुसता श्वास निघे.

त्याची सेवा मुख्यतः निशिगंधा करी. ती गोपालची बायको, निवृत्तीची सून. वाजवून बोलावता यावे म्हणून तिने आधी त्याच्या उशाशी थाळी आणि चमचा ठेवला, पण डाव्या हाताला कंप होता, चमचा खाली पडे. एकदा तो दुपारभर तहानलेला पडून राहिला आणि कोणाला कळलेच नाही. संध्याकाळी तिने पाहिले तेव्हा त्याच्या डोळ्यांच्या कडांना मीठ जमले होते. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी ती सदऱ्याला बटण लावायला बसली, डबा उपडा केला, आणि बटणांबरोबर मी घरंगळत बाहेर आले.

मी वाजवायची वस्तू आहे एवढे तिला कळले, कशासाठीची ते माहीत नव्हते. तिने मला कोमट पाण्यात भिजवले. जुन्या पापुद्र्याचे तुकडेच उरले होते, ते दाखवून तिने खाटकाकडून तसाच नवा आणवून बसवला, नवे मेण लावले, आणि मला दोऱ्यात ओवून सासऱ्याच्या गळ्यात घातले.

"मामाजी, काई लागलं का हे फुका," ती म्हणाली. "मी जिथी असन तिथून येईन."

निवृत्तीने मला ओळखले. त्याने मान भिंतीकडे वळवली. पण तहान ही मोठी गोष्ट आहे, मित्रांनो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने डाव्या हाताने मला ओठांत घेतले आणि फुंकले. साठी उलटलेल्या माणसाच्या तोंडून पाडसाचा आवाज आला.

पुष्पाबाई आतून धावत आली. "हे कोनं देल्लं त्याईले? हा आवाज मी या घरात ऐकनार नाई म्हनून कवाच सांगतलं होतं मी."

"मंग त्याईनं पानी कसं मांगावं, आत्याबाई?" निशिगंधाने विचारले.

पुष्पाबाई आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

त्यानंतर वर्षभर मी निवृत्तीची वाचा होते. त्या घराचा नियमच झाला होता, की पिपाणी वाजली की हातातले काम टाकून जायचे. निशिगंधा पिठाच्या हाताने धावत येई. ती शेतात असली तर भिंतीपलीकडची शेजारीण मनकर्णाबाई येई. ज्या आवाजाने मी हरणींना फसवले होते, त्याच आवाजाने आता खरोखर तहानलेल्या माणसाला पाणी मिळत होते. मला वाटू लागले, की माझे पाप थोडे तरी फिटते आहे. तसे काही होणार नव्हते.

गोपाल वाईट मुलगा नव्हता, हे मी आधीच सांगते. बापाला उचलून बसवणे, त्याचे अंग पुसणे, हे तो करी. पण तो शेताला कंटाळला होता. सलग दोन वर्षे हरणांनी हरभरा घाटे धरण्याआधीच खाऊन टाकला होता. त्याचा मित्र प्रेमानंद चिखली रस्त्यावर ढाबा चालवी. त्याच्याकडे कधी कधी अशी गिऱ्हाइके येत, ज्यांना ढाब्याच्या पाटीवर लिहिलेले नसते ते खायचे असते. प्रेमानंदने मोबाइलमध्ये पाडसाचा आवाज भरून आणला होता. दोघे रानात जाऊन तो वाजवत. पहिल्या दिवशी एक हरणी दुरून पाहून गेली. नंतर एकही आली नाही.

"मशीनचा आवाज एकसारखा असते बे," प्रेमानंद एक दिवस गोपालच्या ओसरीवर बसून सांगत होता. "लेकरू एकसारखं थोडंच रडते."

नेमके तेव्हाच आत निवृत्तीने मला वाजवले. प्रेमानंद उठून उभाच राहिला.

"हे कोन वाजवून राह्यलं?"

"बाबा," गोपाल म्हणाला. "पानी पायजे असन त्याईले."

"अबे, हेच त पायजे आपल्याले. शिकून घे ना."

त्या संध्याकाळी गोपाल बापाच्या बाजेजवळ बसला. "बाबा, तुमी हे कसं वाजवता ते मले दाखवा," तो म्हणाला. "एकडाव दाखवा फक्त." निवृत्तीने त्याच्याकडे पाहिले, मला ओठांतून काढले आणि छातीवर ठेवून वर आपला तळहात दाबून धरला. गोपालने आणखी दोनदा विचारले. तो हात हलला नाही.

म्हणून गोपाल चोरून शिकला. तो कसा शिकला हे सांगायची मला लाज वाटते. निशिगंधा शेतात गेली की तो बापापाशी थांबे. निवृत्ती पाण्यासाठी मला वाजवी. गोपाल भरलेला तांब्या हातात घेऊन दाराआड उभा राही आणि ऐकत राही. त्याच्या लक्षात आले होते, की पहिली हाक छोटी असते. कोणी आले नाही की दुसरी हाक लांबते आणि मध्येच चिरते. तरी कोणी आले नाही, तर तिसरी हाक वर चढत नाही, श्वासातच विरून जाते. मशीनमध्ये ती तिसरी हाक नव्हती. ती ऐकायची असेल, तर पाणी द्यायला उशीर करावा लागे. मी निवृत्तीच्या ओठांत असे. ते ओठ कोरडे पडत जात, हे मला जाणवत होते. तिसरी हाक संपली की गोपाल लगबगीने आत येई, "आलो बाबा, आलो," म्हणे आणि बापाची मान हातावर घेऊन पाणी पाजी. निवृत्ती पाणी पिताना त्याच्या तोंडाकडे पाहत असे.

बाप झोपला की गोपाल मला दोऱ्यातून सोडवी आणि गोठ्यामागे जाऊन सराव करी. महिना-दीड महिना गेला. एका दुपारी त्याने तिसरी हाक वाजवली आणि निशिगंधा चुलीवरून उठून धावत बाजेपाशी गेली. निवृत्ती पांघरूण घेऊन गाढ झोपला होता. "भास झाला वाटते," असे स्वतःशीच म्हणत ती परत गेली. गोठ्यामागे उभ्या गोपालने ते ऐकले. आता आपल्याला येते, हे त्याला त्या क्षणी कळले.

मागच्या पौषात तुरीची कापणी सुरू होती. पुष्पाबाई डोळे दाखवायला सकाळच्या एसटीने चिखलीला गेली. निशिगंधा कापणीच्या बायांबरोबर शेतात निघाली. जाताना तिने निवृत्तीची बाज अंगणात कोवळ्या उन्हात काढून ठेवली.

"तुमी मामाजीपाशीच राहा," ती गोपालला म्हणाली. "ऊन चढलं का बाज आत घ्या. दुपारपावतर माह्यं येनं होते."

"हाव, आहो ना मी," गोपाल म्हणाला.

ती गेल्यावर थोड्याच वेळात प्रेमानंद मोटारसायकल घेऊन आला. हरणांचा कळप नाल्यात उतरला आहे, तासाभराचे काम आहे, असे तो म्हणाला. गोपालने बापाकडे पाहिले. निवृत्तीचे डोळे मिटलेले होते. त्याने बापाच्या गळ्यातल्या दोऱ्यातून मला सोडवले आणि खिशात टाकले. एक तास, असे तो पुटपुटला. कोणाला सांगत होता कोण जाणे. मला शेवटचे दिसले ते एवढेच, की निवृत्तीचे डोळे उघडले होते.

नाल्याजवळ गोपाल रुईच्या झुडपांआड बसला. बाजूला प्रेमानंद, कोणाकडून तरी आणलेली बंदूक घेऊन. गोपालने मला पोटातून फुंकले आणि थांबला. पुन्हा फुंकले. मग तिसरी हाक वाजवली, श्वासात विरणारी. मित्रांनो, मी ती हाक नीट ओळखत होते. ते पाडस नव्हते. तो निवृत्तीच होता, पाणी मागणारा.

हरणी आली. वीस पावलांवर उभी राहिली. प्रेमानंदने गोळी झाडली, ती तिच्या मागच्या पायाला लागली, आणि ती तीन पायांवर रानात पळाली. जखमी जनावर कोणाला दिसले तर चौकशी होईल, या भीतीने दोघे तिच्या मागे निघाले. गवतावर रक्ताचे थेंब होते. ते शोधत शोधत ते टेकडी चढले, पलीकडे उतरले. नऊ वाजले, दहा वाजले. गोपाल दोनदा म्हणाला, "बाबा घरी एकटे हायेत बे." प्रेमानंद म्हणे, "हे काय, इथीच कुठी पडली असन." बाराच्या सुमारास खडकाळ जागी रक्त दिसेनासे झाले. हरणी मिळाली नाही. ती कुठे जाऊन मेली ते कोणालाच कळले नाही.

घरी काय झाले ते मी पाहिले नाही, पण नंतर ऐकले. ऊन चढले तसे बाजेवर पडलेल्या निवृत्तीला ते सोसवेना. त्याने डाव्या हाताने गळ्याशी चाचपले असणार, कारण रिकामा दोरा त्याच्या मुठीत सापडला. मग तो कसाबसा कुशीवर वळला आणि बाजेवरून खाली पडला. माठ ओसरीवर होता. त्या दिशेने तो एका हातावर चार-पाच हात अंतर सरकला होता. कोपर सोलून निघाले होते. एक वाजता निशिगंधा आली, तेव्हा तो मातीत पालथा पडलेला होता आणि त्याचा श्वास घरघरत होता.

तिच्या ओरडण्याने मनकर्णाबाई धावत आली. ती पलीकडच्या अंगणात सकाळपासून तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"मी इथीच होती वं," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. "सकायपासून इथीच होती. पिपानी वाजली असती त पयत आली असती."

गोपाल आला तेव्हा निवृत्तीला आत निजवले होते. निशिगंधा त्याच्या कोपरावरची माती ओल्या फडक्याने पुसत होती. तिने वर न पाहता विचारले, "पिपानी कुठी होती?"

"माह्याजवळ," गोपाल म्हणाला.

त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतेच बोलते. चिखलीहून परतलेल्या पुष्पाबाईला त्यांनी सांगितले, की बाबा बाजेवरून पडले. तिने गोपालच्या खिशातून बाहेर आलेले माझे टोक पाहिले होते की नाही, हे मला माहीत नाही.

निवृत्ती त्यानंतर एकोणीस दिवस जगला. छातीत कफ भरला, औषधे चालू होती. गोपालने मला पुन्हा त्याच्या गळ्यात बांधले. मला कोणी धुतले नव्हते. मला रानातल्या गवताचा आणि बंदुकीच्या दारूचा वास लागला होता. निवृत्तीने तो हुंगला. गोपालने मला त्याच्या ओठांशी धरले. "बाबा, फुका. मी इथीच हाओ, आता कुठी नाई जात." निवृत्तीने ओठ मिटून घेतले.

त्याने मला पुन्हा कधीच वाजवले नाही. निशिगंधाने किती विनवले, पुष्पाबाईने आपल्या हाताने मला त्याच्या तोंडात दिले. ओठ उघडले नाहीत. मग घरातले पाळीपाळीने त्याच्याजवळ बसू लागले. पाणी पायजे का, कूस बदलून देऊ का, असे विचारत राहिले. तो भिंतीकडे पाहत राहिला. विसाव्या दिवशी भर दुपारी, घरात पाच माणसे असताना, तो गेला. कोणाला कळलेही नाही. पुष्पाबाई पाणी द्यायला गेली आणि मग खाली बसली.

तेरावा झाल्यावर प्रेमानंद आला. "पिपानी तुह्या कामाची नसन त मले दे," तो म्हणाला. गोपालने खुंटीवरून मला काढून त्याच्या हातात ठेवले. त्याला मी घराबाहेर हवी होते, एवढेच.

आता मी ढाब्याच्या गल्ल्याशेजारी एका फुटक्या कपात असते. प्रेमानंद मागच्या पडवीत सराव करतो. त्याच्याजवळ दुसरेही दोघे-तिघे शिकायला येतात. त्यांना नीट येत नव्हते. मला त्याचे समाधान होते. पण गेल्या आठवड्यात गोपाल ढाब्यावर चहाला थांबला. मागून माझा बदकासारखा आवाज येत होता. त्याने कप खाली ठेवला आणि उठून तो पडवीत आला. मला वाटले, हा मला हिसकावून घेईल आणि पायाखाली चिरडेल.

"असं नाई," तो म्हणाला. "बाबा असं नव्हते वाजवत."

त्याने मला ओठांत घेतले. पहिली हाक वाजवली, थांबला. दुसरी वाजवली, थांबला. मग तिसरी. त्याचे डोळे मिटलेले होते. भाकरी थापणारी रुक्मिणीबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"कोनाचं लेकरू रडून राह्यलं?" तिने विचारले.

"कोनाचं नाई," गोपाल म्हणाला. त्याने मला सदऱ्याला पुसले, प्रेमानंदच्या हातात दिले आणि निघून गेला. शिकणारे दोघे त्याने मला कुठे धरले, कसे फुंकले, हे आपसांत बोलू लागले.

मित्रांनो, मला जपून ठेवा असे मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या घरात कोणी अंथरुणावर असेल, तर त्याच्या पहिल्या हाकेलाच उठा. दुसरी हाक त्याला मारायला लावू नका. आणि माझ्यासारखी एखादी पिपाणी कुठे दिसली, तर कोणाला न विचारता ती चुलीत घाला. मी सांगते आहे, पण माझ्या बाबतीत ते व्हायचे नाही. काल दुपारी त्या दोघांतल्या एकाला तिसरी हाक जमली.